आधी भेंडी, मग मळी

12 नोव्हेंबर 2024

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा भरल्या. संध्याकाळी बारक्याला घेऊन त्याची आई आली. घरातला धाकटा म्हणून बारक्या; हजेरीपटावरचं नाव वेगळं आहे, ते इथं लिहीत नाही. पाचवीत आहे. आई म्हणाली, "बाई, सगळं येतंय ह्याला. लिवायचं म्हटलं की मात्र मुंडी खाली." तिनं दप्तरातल्या वह्या काढून माझ्यापुढं ठेवल्या. प्रत्येक धड्याला मथळा, तारीख, खाली पट्टीनं मारलेली रेघ. मग दीड-दोन ओळी. मग कोरं पान. मराठी, परिसर अभ्यास, सगळीकडं तेच. गणिताची वही तेवढी भरलेली.

मी त्याला लिहायला काहीच दिलं नाही. आधी धडा वाचायला दिला. थोडा अडखळला, पण अर्थ कळून वाचत होता. मग तोंडी हिशेब घातले. ते त्यानं माझ्याआधी केले. घरचं गुऱ्हाळ आहे त्यांचं, राधानगरी रस्त्याला, भोगावतीच्या अंगाला. विचारलं, एक टन उसाला गूळ किती पडतो रे? "शंभर किलो. ऊस चांगला आसंल तर सव्वाशे बी." हे कुठल्या पुस्तकातलं नाही, वजनकाट्याजवळ उभं राहून आलेलं आहे.

शेवटी म्हटलं, हेच लिहून दाखवशील? मान खाली गेली. "काय लिवू?"

आत्ताच तर सांगितलंस, असं मी म्हणाले नाही. नोकरीत असताना हा प्रश्न रोज ऐकला आणि दर वेळी फळ्यावर मुद्दे काढून दिले, जशी सगळ्या शाळांमधली रीत आहे. आता शाळेची घाई नाही. एकाच मुलाचा हा प्रश्न सावकाश ऐकता येईल.

15 नोव्हेंबर

आज नुसता त्याचा हात बघितला. पेन्सिल मुठीत आवळलेली, अंगठा वरून आडवा. भार एवढा की मागच्या पानावरून बोट फिरवलं तर अक्षरं लागतात. चार ओळींत हात झटकायला लागला.

"दुखतोय व्हय?"

"लई."

"शाळेत सांगितलंस का कधी?"

गप्प. दुखणाऱ्या हाताला आपण आळशी म्हणतो आणि ते मूल स्वतःला तसंच समजायला लागतं, याचा मला फार राग येतो.

माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मताना ती कूर्चेचीच असतात. तिसऱ्या वर्षापर्यंत त्यातली दोन-तीनच घट्ट होतात, आणि सगळ्यात शेवटचं, वाटाण्याएवढं हाड नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. आई सांगते, बारक्याला तिसऱ्या वर्षीच एका बालवाडीत चौकटीच्या वहीत पानंच्या पानं गिरवायला लावलं होतं. न पेलणारं काम आलं की मूल सगळा हात आवळून ते करतं आणि मग तीच सवय राहते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा गावातल्याच बिया, शिंपले, खडे साधन म्हणून वापरले. मुलं ते वेचत, निवडत, मांडत. लेखणी धरणारी बोटं आधी अशी तयार होतात. एवढ्या वर्षांपूर्वी मराठी मुलखात हे कुणीतरी करून दाखवलेलं आहे, आणि तरी आज तीन वर्षांच्या मुलाच्या पुढ्यात चौकटीची वही येते.

पडवीच्या भिंतीला जुना फळा टांगला. उभ्या फळ्यावर लिहिताना मनगट आपसूक मागं वळतं, बोटं सुटी होतात आणि हालचाल खांद्यातून येते. कागदासाठी मऊ शिशाची 2बी पेन्सिल आणली, म्हणजे दाबावं लागणार नाही. शिवाय शेंगा. दिवाळीनंतरच्या भुईमुगाच्या शेंगा घरात पडल्याच आहेत. अंगठा आणि दोन बोटं यांच्या चिमटीत शेंग फोडायची आणि गप्पा मारायच्या. त्याला हे शिकणं वाटलंच नाही, आणि तेच हवं होतं.

19 नोव्हेंबर

उद्या विधानसभेचं मतदान, शाळेला सुट्टी. बारक्या उशिरापर्यंत थांबला. फळ्यावर त्याला हवे ते शब्द लिही म्हटलं. पहिलाच शब्द ट्रॅक्टर, आणि तिथंच अडला.

एका शब्दात केवढं काम आहे! ट ला खालून जोडलेला र, त्यावर चंद्र, मग क्ट, मग उघडा र. आमच्या र चं एकेका शब्दात एकेक रूप: चक्रात एक, सूर्यात डोक्यावर चढलेलं, गुऱ्हाळात अर्धं चंद्रकोरीसारखं. सूर्य म्हणताना र आधी उच्चारायचा आणि काढायचा मात्र य च्या माथ्यावर. किल्ली म्हणताना इकार क च्या नंतर ऐकू येतो, कागदावर वेलांटी मात्र त्याच्या आधी उभी. मोठ्यांना हे जाणवतही नाही. मुलाला मात्र दर शब्दाला कानानं ऐकलेला क्रम मोडून डोळ्यांचा क्रम लावावा लागतो, आणि ते करता करता पुढचं वाक्यही डोक्यात धरून ठेवावं लागतं. बारक्याचं वाक्य वाटेत सांडतं ते इथं.

त्यात ऱ्हस्व-दीर्घ. त्याच्या रोजच्या जगण्यातले दोन शब्द, ऊस आणि गूळ. लिहिताना दोन्ही दीर्घ. पण उसाला, गुळाची म्हटलं की लगेच ऱ्हस्व. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 साली शासनानं मान्य केले, 1972 मध्ये चारांची भर पडून ते अठरा झाले. नियम चांगले आहेत, मी आयुष्यभर शिकवले, पुढंही शिकवीन. पण मजकूर कागदावर उतरल्यानंतर. ज्याच्या वहीत वाक्यच नाही त्याच्या वहीत लाल खूण कशावर करायची? बारक्याच्या जुन्या वहीत 'ऊसाचा' खाली दोन रेघा आहेत, आणि त्या पानावर तो एकच शब्द ओळखीचा होता, बाकीचं गाईडमधलं. आपल्या शब्दावरच घाव बसला, की मूल तो शब्द पुन्हा बाहेर काढत नाही.

24 नोव्हेंबर, रविवार

गुऱ्हाळावर गेले होते. बारक्यानं बोलावलं म्हणून.

वळणावरच वास लागला. चिपाडाचे ढीग वाळत पडलेले, घाण्याची घरघर, आणि छपराखाली चुलवाणावर ती भली मोठी काहील. रस उकळायला लागला होता. बारक्या माझा हात धरून फिरवत होता, आणि हा माझ्या पडवीत मुंडी खाली घालून बसणारा मुलगाच नव्हे. "बाई, हितं उभं ऱ्हावा, वाफ येतीया. त्यो हौद रसाचा. ही भेंडी." भेंडीची झाडं ठेचून पाण्यात भिजत घातलेली, पाणी चिकट तारेचं झालेलं. ते रसात गेलं की घाण गोळा होऊन मळी वर येते. चुन्याची निवळी घालून रसाचा आंबटपणा मोडतात. एका आधणाला अडीच-तीन तास लागतात. सगळ्यात शेवटी काहील उतरवून पाक वाफ्यात ओततात, घोटतात, आणि घट्ट होत आला की फडकं घातलेल्या बादल्यांत भरून ढेपा पाडतात. हे सगळं त्यानं न थांबता सांगितलं, क्रमानं, कारणांसकट.

गुळव्याला सगळे मामा म्हणतात. साठीचा माणूस, बोलणं कमी. गूळ झाला हे कसं कळतं विचारलं तर म्हणाला, "कळतंय." बारक्यानं लगेच त्याची बाजू घेतली. "त्यांस्नी आवाजावरनं कळतंय, बाई."

परत येताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. 'माझी शाळा', 'पावसाळा', 'माझी आई' यांवर लिहायला सांगतो तेव्हा वाचणाऱ्या बाईंना ते सगळं आधीच ठाऊक असतं, आणि हे मुलालाही ठाऊक असतं. ज्याला माहीत आहे त्याला कोण कशाला सांगेल? आज मी अडाणी होते, म्हणून तो बोलत होता. 'काय लिवू' मध्ये 'कुणाला लिवू' दडलेलं आहे.

27 नोव्हेंबर

आज त्यानं सांगायचं आणि मी लिहायचं, असं ठरवलं. त्याचा हात मोकळा राहील आणि तोंड चालेल. तो म्हणेल तसंच, त्याच्याच बोलीत, एक अक्षर न बदलता. एका ठिकाणी मी मुद्दाम बदल केला. तो म्हणाला होता, "चिपाड वल्लं आसंल तर धूर हुतोय आन मामा शिव्या देतोय." मी लिहिलं 'मामा रागावतो' आणि वाचून दाखवलं.

"रागावतो न्हवं, बाई. शिव्या देतोय."

"काय फरक पडतो?"

"पडतोय की! रागावल्यावर मामा बोलतच न्हाई. शिव्या देतोय म्हंजी मजेत हाय त्यो."

हे त्याचं पहिलं संपादन. माझ्या हातातला कागद त्यानं ओढून घेतला आणि शब्दावर बोट ठेवलं.

टॉलस्टॉयनं 1862 मध्ये एक निबंध लिहिला, शेतकऱ्यांच्या मुलांनी आपल्याकडून लिहायला शिकायचं की आपण त्यांच्याकडून, असा त्याचा मथळाच प्रश्नार्थक आहे. यास्नाया पोल्यानाच्या आपल्या शाळेत त्यानं मुलांना एका म्हणीवर गोष्ट लिहायला सांगितली. मुलं म्हणाली, तूच लिही. तो लिहायला बसला, मुलं भोवती जमली आणि त्याचं लिहिणं दुरुस्त करायला लागली. फेदका नावाचा मुलगा तर एकेका तपशिलावर अडून बसे. गोष्टीतला शेजारी बायकांचा कातडी कोट अंगावर घालून येतो, हे फेदकाचं. घाईनं जे हाताला लागेल ते घातलं, असं त्याला दिसत होतं. टॉलस्टॉय लेखनिक झाला आणि थक्क झाला. त्या मुलांचं ऐकता ऐकता त्यानं पुढं जे लिहिलं, त्यावर या दिवसांचा ठसा आहे असं मला नेहमी वाटत आलं आहे.

2 डिसेंबर

काहीच झालं नाही. आला, बसला, शेंगाही फोडल्या नाहीत. शाळेत काहीतरी झालं असणार; विचारलं, सांगितलं नाही. फळा नको, सांगणंही नको. मी वाचत बसले, तो अंगणातल्या मांजरीशी खेळला. वेळ झाल्यावर गेला. उद्या येशील का असंही मी विचारलं नाही. ये म्हणण्यात सक्ती ऐकू येण्याचे दिवस असतात मुलांचे.

8 डिसेंबर

इटलीतल्या बार्बियाना या डोंगरातल्या खेड्यात मिलानी नावाच्या पाद्र्यानं शाळा चालवली. शाळांनी नापास ठरवलेली शेतकऱ्यांची मुलं तिथं शिकत. त्यांनी मिळून लिहिलेलं पत्रवजा पुस्तक 1967 मध्ये आलं, मराठीत ते 'प्रिय बाई' या नावानं आहे. ते कसं लिहिलं हेही त्यांनी सांगून ठेवलं आहे. सुचेल ते सुट्या चिठ्ठीवर लिहायचं, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. मग सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, तीच तीच असेल ती काढायची, जवळजवळच्या गोष्टींचे गठ्ठे करायचे, गठ्ठ्यांचा क्रम लावायचा.

मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या. एवढ्याशा कागदावर एक-दोन शब्दच मावतात, हा त्यातला मोठा फायदा. पूर्ण पानाची धास्ती असलेल्या मुलाला चिठ्ठी घाबरवत नाही. बारक्यानं स्वतः लिहिलं: चिपाड. घाना. काहिल. भेंडी. मळी. वाफा. ढेप. मामा. णचा न झाला, वेलांटी चुकली. मी हात लावला नाही. मग जमिनीवर त्या मांडायला बसला. मळीची चिठ्ठी कुठं ठेवावी यावर बराच वेळ गेला. आधी भेंडीच्या खाली, मग वर, मग पुन्हा विचार. 'मामा' कुठंच बसेना. शेवटी म्हणाला, "मामा सगळीकडं हाय," आणि ती चिठ्ठी सगळ्यांच्या बाजूला उभी ठेवली.

रचना शिकवताना मी वर्षानुवर्षं सुरुवात, मध्य, शेवट असे शब्द फळ्यावर लिहीत आले. त्या शब्दांचा अर्थ जमिनीवर गुडघे टेकून चिठ्ठ्या सरकवणाऱ्या मुलाच्या हातांत आज मला जास्त स्पष्ट दिसला.

14 डिसेंबर

आई एकटीच आली. दारातच उभी. "बाई, खरं सांगा. काय आजार हाय का त्याला? शेजारच्या म्हणत हुत्या, लेकरांना आसा रोग आसतोय, डाक्टर सर्टिफिकीट देत्यात."

तिला बसवलं. सांगितलं की लेखनातली अडचण ही काही मुलांमध्ये मेंदूच्या जडणघडणीतूनच येते, त्याला डिसग्राफिया म्हणतात, आणि त्यात कुणाचा दोष नसतो, आईचा तर नाहीच. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता हा स्वतंत्र प्रकार धरला आहे. अशा मुलांना परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, आणि त्या घेण्यात लाज कसली? बारक्याचं बघता त्याचं बोलणं, वाचणं, हिशेब चोख आहेत, हात सैल पडायला लागला आहे, चिठ्ठ्यांवरची अक्षरं रोज थोडी सुधारताहेत. तरी तपासून घेऊ. आधी डोळे, मग जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञांकडे. तपासणीत काही निघालं तरी आपलं काम हेच राहणार, फक्त त्याला वेळ जास्त द्यायचा.

ती रडली नाही. म्हणाली, "माझं बी आसंच हुतं. मी सातवीत सोडली शाळा." मग बराच वेळ तिच्या शाळेबद्दल बोलली. तिला कविता पाठ होत्या, अजून आहेत. लिहून मागितल्या की हात थांबायचा. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

22 डिसेंबर

हे पान जरा सविस्तर लिहिते.

हंगामात रस्त्यानं जाणारे लोक गाडी थांबवून रस प्यायला, गूळ बघायला गुऱ्हाळावर उतरतात. गेल्या आठवड्यात कुणाचं तरी लहान पोर धावत थेट काहिलीच्या कडेला गेलं. मामानं कमरेला धरून उचललं म्हणून बरं. उकळणारा रस हा उकळत्या पाण्यापेक्षा वाईट, अंगाला चिकटतो. बारक्याचे वडील म्हणाले, पाटी लावाय पायजे. मी म्हटलं, बारक्या लिहील.

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग फळ्यापाशी गेला. पहिला मजकूर: काहिल गरम हाय लांब ऱ्हावा.

"कोण वाचणार रे हे?"

"येणारी माणसं."

"कुठनं येतात?"

"पुण्यासनं बी येत्यात. गोव्याला जाणारी." थोडा थांबला. "त्यांस्नी काहील म्हंजी काय कळंल का?"

"तू सांग."

"कळंल. म्होरंच दिसतीया की." मग पुन्हा विचार. "पर ल्हान पोरांस्नी वाचाय येत न्हाई, बाई. त्यांच्या आयांनी वाचाय पायजे."

हे ऐकून मी गप्प बसले. त्यानं फळा पुसला. वहीच्या भाषेत लिहायचं त्यानंच ठरवलं, कारण परमुलखातले लोक. अर्ध्या तासानं फळ्यावर उतरलं:

काहील उकळत आहे. पोरांचा हात धरा.

लांब राहा हे गेलं. ज्याला धोका आहे त्याला वाचता येत नाही, म्हणून ज्याला वाचता येतं त्याला नेमकं काम सांगितलं. आणि मुलांचा नव्हे, पोरांचा. तो शब्द बदलू का, असं मी विचारलंही नाही.

आज पत्र्यावर तेलरंगानं लिहिलं. वडिलांनी पांढरा हात मारून ठेवला होता. काहीलची वेलांटी दीर्घ का, हे त्यानं स्वतः विचारलं. पाटीवर चूक नको होती त्याला. मी नियम सांगितला. चुकलं तर लोक हसतील हे भय त्यामागं नव्हतं. चुकलं तर कुणीतरी अडखळेल, आणि तेवढ्यात पोर पुढं जाईल. शुद्धलेखन शिकवायला इतकं चांगलं कारण मला शाळेत कधी मिळालं नाही.

दुपारी पाटी खांबाला बांधली. चारच्या सुमारास एक गाडी थांबली. बाई उतरली, पाटीकडं बघितलं आणि शेजारच्या मुलीचं मनगट धरलं. बारक्या चिपाडाच्या ढिगाजवळ उभा होता. त्यानं ते बघितलं. मग पुढच्या गाडीची वाट बघत तिथंच उभा राहिला.

3 जानेवारी 2025

सावित्रीबाईंची जयंती. शाळेत भाषणं झाली म्हणे, बारक्याच्या वर्गातल्या मुलींनी पाठ केलेली भाषणं म्हटली. मी त्याला मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी, चौदा-एक वर्षांची. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' मध्ये 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 अशा दोन अंकांत छापून आला. आपल्या बायका उघड्यावर बाळंत होतात, डोक्यावर छप्पर नसल्यानं थंडी-पावसात त्यांचं काय होतं, हे तिनं लिहिलं. ज्यांच्या हातात तो अंक पडायचा त्यातल्या कितीकांनी ते कधी बघितलंही नसेल, बघितलं असेल तर मान वळवली असेल.

बारक्यानं विचारलं, "तिला कुणी मुद्दे दिलं हुतं?"

"तिला कशाला लागतात मुद्दे?"

"व्हय की," म्हणाला. मग चिठ्ठ्यांचा डबा ओढून बसला.

मराठीत मुलांनी लिहिलेल्या निबंधांचा विषय निघाला की मला या मुलीपासून सुरुवात करावीशी वाटते. तिचा निबंध आजच्या पाचवी-सहावीच्या मुलांनी, सोपा करून का होईना, वाचायला हवा. आपल्याएवढ्या मुलीनं खऱ्या माणसांना खरं सांगायला लिहिलं, आणि ते जवळपास 170 वर्षं टिकलं, हे त्यांना कळायला हवं.

17 जानेवारी

संक्रांतीनंतर शाळेत 'माझा आवडता सण' वर निबंध होता. पाच ओळी लिहून थांबला. त्याच्या वर्गशिक्षिकांना भेटले. भरगच्च वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरण्याचं काम. थकलेल्या होत्या, तरी उभं राहून माझं ऐकलं. मी चिठ्ठ्या दाखवल्या, पाटीचा फोटो दाखवला. त्या हसल्या. "हे यानं लिहिलंय?" मी एकच मागणं मागितलं: खुणा जरूर करा, पण त्याच्या मजकुराखाली तुम्हाला खरोखर पडलेला एक प्रश्न लिहा. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असा.

आज वही आली. पाच ओळींत कुठंतरी त्यानं तिळगुळासाठी घरचा गूळ वापरला असं लिहिलं होतं. त्याखाली बाईंचं सुंदर अक्षर: 'काकवी आणि गूळ एकाच काहिलीतून निघतात का? कधी काढतात काकवी?' त्याखाली बारक्याची सात ओळींची उत्तरं, कुणीही न सांगता. काकवी आधी काढायची, पाक पातळ आहे तोवर. गूळ होईपर्यंत थांबलं तर काकवी मिळत नाही. तिसऱ्या ओळीत 'गुळाची' ऱ्हस्व, बरोबर. मी विचारलं, हे कसं बरोबर आलं? "पाटीच्या वक्ताला सांगितलासा की."

2 फेब्रुवारी, रविवार

'गूळ कसा करत्यात' हे त्याचं लिहिणं पुरं झालं, पावणेदोन पानं. एकदा सांगून, एकदा चिठ्ठ्यांवर, मग दोनदा कागदावर. पहिल्या खर्ड्यात 'मग' शब्द जवळजवळ प्रत्येक वाक्याला होता. मोठ्यानं वाचून बघितल्यावर त्यानंच बरेच काढून टाकले. गूळ झाला हे कसं ओळखायचं, तिथं त्याचं घोडं अडलं होतं. 'मामाला कळतंय' एवढंच लिहून पुढं गेला होता. मी म्हटलं, मला नाही कळलं. मग तो दोन संध्याकाळी मामाच्या शेजारी बसून राहिला. आता तिथं असं आहे:

'आदी बुडबुडं मोटं आसत्यात. मग बारीक हुत्यात आन आवाज जड हुतोय. मामा थंड पान्यात पाकाचा थेंब टाकतोय. त्येची गोळी झाली की ती ताटावर आपटायची. टण वाजली की काहील उतरायची.'

बोली तशीच ठेवली आहे. प्रमाण भाषेत लिहायला त्याला येतं, पाटीवर त्यानं लिहिलंच आहे. इथं वाचणारे गुऱ्हाळावरचेच असणार, म्हणून ही निवड त्याची.

आज सकाळी ते मामाला वाचून दाखवायचं ठरलं होतं. मामाला वाचता येत नाही. दोन आधणांच्या मधल्या वेळात तो चिपाडावर बसला, बारक्या पुढ्यात उभा राहून वाचायला लागला. घाण्याच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून मामानं घाणा बंद करायला लावला. माणसं जमली. शिव्यांच्या वाक्यावर सगळे हसले, मामाही. मळीपाशी त्यानं हात वर केला.

"थांब. काय लिवलायस? मळी काडली आन मग भेंडी?"

"व्हय."

"आरं, भेंडीनंच तर मळी वर येतीया. आदी भेंडी, मग मळी. उलटं लिवलं तर लोकं रस नासवतील."

बारक्यानं खाली कागदाकडं बघितलं. खिशातून पेन्सिल काढली, ढेपेच्या बादलीवर कागद ठेवला आणि ते वाक्य खोडलं. वर जागा पुरेना, म्हणून समासात लिहिलं आणि बाण काढून आत आणलं. पुन्हा वाचून दाखवलं. मामानं मान हलवली आणि विचारलं, "चुना किती घालायचा त्ये लिवलंस का?"

लिहिलेलं नव्हतं. ते त्यालाही नक्की माहीत नव्हतं. मामा म्हणाला, रसावर असतंय, ऊस कुठल्या रानातला आहे त्यावर असतंय, उद्या पहाटेच्या आधणाला ये म्हंजी दावतो. बारक्यानं वडिलांकडं बघितलं, शाळा आहे म्हणून. वडील म्हणाले, साडेसहापर्यंत सोडतो घरी.